आभाळाची दवंडी

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांबद्दल एकच गोष्ट कानावर आली होती: मुलाच्या बापाचा आवाज फार मोठा आहे. मला वाटलं, भांडखोर असेल. भांडखोर माणसांचं मला भय नाही, मी स्वतः त्याच पंगतीतली. पण मांडवात जे झालं त्याची तयारी माझीही नव्हती.

१९६१ चा वैशाख होता. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या, त्यांच्यापुढं मांडव. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, आणि वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून माझ्या सासऱ्यांना, देवमन तायड्यांना, उभं केलं. उंचापुरा माणूस, खांद्यावर पांढरा दुपट्टा. त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "पोराले न सुनेले आशीर्वाद त हायेच. पण इथं ज्याले मालूम नसन त्याच्यासाठी सांगून राहिलो. मागच्या महिन्यात एक माणूस आभाळात गेला. साऱ्या पृथ्वीले फेरी मारून वापस आला. इथं तीन पंगती उठतीन, तेवढ्या वेळात. सुताराचा पोरगा हाये तो. राजाचा नाई, पाटलाचा नाई. सुताराचा!"

मांडवात कोणी हसलं, कोणी हात जोडले. रस्त्यापलीकडच्या वकिलाच्या घरातली माणसं आवाज ऐकून गच्चीवर आली. माझा बाप माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "इंदू, चुकलं का व आपलं?" मी मान खाली घालून बसले होते, पण मला हसू आवरत नव्हतं. पोराच्या लग्नात हुंड्याचं, मानपानाचं बोलायचं सोडून हा माणूस आभाळाचं बोलत होता. मला तो तिथंच आवडला.

सासरच्या गावाचं नाव मी सांगत नाही. अमरावतीहून वलगावच्या रस्त्यानं जाताना थोडं आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आजही कोणीतरी भांडायला येईल, आणि आता माझे गुडघे दुखतात.

त्या गावात तायड्यांचं घर दवंडीचं. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, बाप दवंडी द्यायचा, त्याचा बाप द्यायचा. डफडं गळ्यात अडकवायचं, चावडीच्या वट्ट्याखाली अनवाणी उभं राहायचं आणि ओरडायचं, "आयका हो आयका, मालकाचा हुकूम हाये हो!" वट्ट्यावर चढायचं नाही. स्वतःचं नाव घ्यायचं नाही. मग शेतसारा असो, हरवलेली म्हैस असो की देवी टोचायला आलेला माणूस असो, दुसऱ्याची बातमी आपल्या गळ्यातून काढायची. बदल्यात सुगीला खळ्यावरचं झाडून उरलेलं धान्य मिळे, आणि शिव्या तर बारमाही. पण गंमत बघा. दवंडीचा वचक असा, की एकदा ती दिली की गाव हलायचंच. नाल्यावरची गुरं हटवा म्हटलं की हटायची. नक्की कोण म्हणालं, हे कोणी विचारत नसे. दिलेली दवंडी मोडायची तर दुसरी दवंडी द्यावी लागे, आणि तीही त्याच गळ्यातून यायला हवी.

छप्पन साली मामाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आले. आमच्या अख्ख्या पुऱ्यानं, म्हणजे वस्तीनं, शपथ घेतली, की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि डफडं वाजवायचं नाही. घरातलं डफडं बाहेर काढलं तेव्हा मामाजींचा हात जरा थांबला म्हणे. शेवटी तीन पिढ्यांचा हात त्यावर फिरलेला. माझी सासू केशरबाई थांबली नाही. तिनं ते हिसकून घेतलं, कडं गुडघ्यावर मोडलं, चुलीत घातलं आणि त्याच जाळावर भाकरी थापल्या. "भाकरीले कातड्याचा वास येत होता, पण अशी गोड भाकर म्या जन्मात खाल्ली नाई," असं ती मला सांगायची. मला तिचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

गावानं मग गावासारखंच केलं. वावरात मजुरी बंद, किराणा बंद, चक्कीवर दळण बंद. मामाजी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात गाठी उचलायला लागले, केशरबाई रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायला. पहाटे दोघं पायी निघायची. पुढं जुनी सायकल आली, आणि नवऱ्याच्या सायकलवर मागं बसून कामाला जाणारी गावातली पहिली बाई म्हणजे माझी सासू. लोक तोंडात बोटं घालायचे. घालू देत. दोन हंगामांत गावाचीच कंबर लचकली, कारण कापूस वेचायला हात कोणाचे आणणार? मजुरी सुरू झाली. दवंडी मात्र झाली नाही. सरपंच सूर्यभानजींनी आपला घरचा माणूस नत्थुजी याच्या हाती पितळी घंटा दिली. नत्थुजीचा आवाज विहिरीपलीकडं जात नसे, आणि घंटा वाजली की शाळा सुटली समजून पोरं दप्तर घेऊन पळत. सहा-सात वर्षं त्या गावाला कुठलीच बातमी धड कळली नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षांत माझ्या सासऱ्यांना बातम्यांचं वेड लागलं. जिनासमोर खुशालरावांचं हॉटेल होतं. तिथं आमच्या माणसांसाठी वेगळी कपबशी नव्हती, म्हणून मामाजी तिथं जायचे, आणि तिथं रेडिओ होता. सत्तावन सालच्या दिवाळीच्या सुमारास त्या रेडिओनं सांगितलं की रशियानं आभाळात एक गोळा सोडलाय आणि तो पृथ्वीभोवती फिरतोय. मामाजींचा चहा निवून गेला. पुढं कितीतरी दिवस ते पहाटे कामाला जाताना वर बघत चालायचे. एकदा चालती चांदणी दिसली असं ते शपथेवर सांगत. खरंच दिसली की नाही देव जाणे, म्हणजे देव आम्ही मानत नाही, पण तुम्हाला कळलं मी काय म्हणते ते.

मी त्यांना एकदा विचारलं, "मामाजी, तुमाले काहून येवढं याचं?"

ते म्हणाले, "इंदू, माह्या बापानं सारी जिंदगी दुसऱ्याची म्हैस हरपली म्हणून गळा फाडला. त्याच्यापाशी सोताची सांगाजोगी बातमीच नव्हती. ही बातमी माही हाये. हिचा कोणी मालक नाई."

तेव्हापासून जे काही आभाळात जाई, कुत्रं, माणूस, यंत्र, ते आमच्या अंगणात सांगितलं जाई. पुऱ्यातली माणसं जेवणं आटपून यायची, मामाजी बाजेवर बसून सांगायचे. केशरबाई चुलीपाशी पाठ करून बसायची. तिचा एका अक्षरावर विश्वास नव्हता. आणि विश्वासापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिला राग होता. "डफडं गेलं, पण खाज काही गेली नाई," ती म्हणायची. तिला भीती वाटायची की या आवाजाला चटक आहे, आणि एक दिवस गाव त्याच चटकेला धरून याला पुन्हा वट्ट्याखाली उभं करील.

त्रेसष्ट सालच्या जूनमध्ये मामाजी सायकल अंगणात टाकूनच घरात शिरले. "केशर, बाई गेली आभाळात! गिरणीत कामाले होती. कापडाच्या गिरणीत. तुह्यासारखी."

केशरबाईनं भाकर उलटली. "गिरणीतली बाई गिरणीतच मरते," ती म्हणाली. "मले फसवू नोका."

मामाजींनी वाद घातला नाही. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला वाईट वाटलं. आजवरच्या सगळ्या बातम्या त्यांनी जगाला सांगितल्या होत्या. ही एक त्यांना फक्त बायकोला सांगायची होती, आणि ती खोटी ठरली होती.

त्याच वर्षी हिवाळ्यात, एका शनिवारी संध्याकाळी, नत्थुजी आमच्या दारात आला. आत येणार नाही, दारातच उभा. "देवमन, सरपंचजीनं सांगतलं हाये. उद्या दिवेलागणीले देवळासमोर सरकारी शिनेमा हाये, गाडी येऊन राहिली. तुले दवंडी द्याची हाये."

मामाजी म्हणाले, "डफडं चुलीत गेलं, नत्थुजी. सरपंचाले विचारजा, राख पाठवू का?"

पुऱ्यातली पोरं खो खो हसली. नत्थुजी हसला नाही, पण गेलाही नाही. जाता जाता म्हणाला, "पाह्य बावा. शिनेमा त्या आभाळात गेलेल्या बाईचा हाये म्हणतात. तुले त लई हौस त्या गोष्टीची." आणि गेला. सूर्यभानजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कुठला गळ कुठल्या माशाला लावायचा हे त्यांना ठाऊक होतं.

देवळासमोर सिनेमा म्हणजे काय ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी मलेरियाचा सिनेमा आला होता. गाव पडद्याच्या पुढं बसलं आणि आमचा पुरा पडद्याच्या मागं. मागून चित्र दिसतं, पण उलटं दिसतं. उजव्या हातानं फवारणारा माणूस डाव्या हातानं फवारतो, आणि अक्षरं सगळी पालथी. मी सातवी शिकलेली बाई, मला एक अक्षर लागलं नाही. मी रागानं त्या दिवशी जेवले नव्हते.

त्या शनिवारी आमच्या घरात मोठं भांडण झालं. मामाजी म्हणाले, "दवंडी नाई देल्ली त बायाईले मालूमच नाई पडणार. उद्या साऱ्या बाया वावरात असतीन. आणि बायाईनंच पाह्याले पायजे ते."

"गेले तुमी," केशरबाई म्हणाली, "त मंग तिकडंच वट्ट्याखाली झोपा. या घरात पाऊल ठेवू नोका. शपथ तुमी एकट्यानं नाई घेतली, म्या बी घेतली."

"केशर, ती बाई तुले दिसली पायजे."

"पडद्यामागून? उलटी बाई पाहून मी काय करू?"

मामाजी उठले, पाणी प्यायले, बाजेवर जाऊन बसले. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला ती बाई. माझा नवरा श्रावण आणि मी एकमेकांकडं बघत होतो. घर आता मोडतं की काय असं मला खरंच वाटलं. मग थोड्या वेळानं मी पाहिलं, तर मामाजी अंधारात एकटेच हसत होते.

रविवारी जिनाला सुट्टी. सकाळी मामाजींनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, आणि जिनातले जाड बूट चढवून नाड्या घट्ट बांधल्या. बूट बघून केशरबाईची मान वर झाली. दवंडीला बूट? ते निघाले तशी ती मागोमाग निघाली, आणि तिच्या मागं मी. तिच्या हातात विळा होता. कशाला घेतला होता, ते मी आजवर विचारलेलं नाही.

सूर्यभानजी त्या सकाळी बैल बघायला चांदूर बाजारला गेले होते. चावडीपुढं दोन-चार म्हातारे ऊन खात बसलेले. मामाजी वट्ट्यापाशी आले. तिथं त्यांचा बाप उभा राहायचा ती जागा होती, दगड झिजून खळगा पडलेला. त्या खळग्यात त्यांनी पाय दिला नाही. ते पायऱ्या चढून वट्ट्यावर गेले, बुटांसकट. एक म्हातारा अर्धवट उठला, पण त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत आवाज सुटला.

"आयका हो, आयका!"

सात वर्षांनी तो आवाज गावावरून गेला. जात्यावरचे हात थांबले, दारं उघडली, वावराच्या वाटेला लागलेल्या बाया माघारी वळल्या.

"मी देवमन तायडे सांगून राहिलो! आज दिवेलागणीले शाळेच्या मैदानात सरकारी शिनेमा हाये. गिरणीत काम करणारी एक बाई आभाळात गेली, पृथ्वीले फेऱ्या मारून जित्ती वापस आली, ते दाखवणार हायेत. बायाईनं पयले याचं, लेकराईले घेऊन याचं. आन् साऱ्या गावानं पडद्याच्या म्होरं बसाचं हाये! पडद्यामागं कोणीच बसाचं नाई हो!"

हेच ते गावाच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन बोलले. डफडं नाही, हुकूम नाही, मालक नाही. "मी देवमन तायडे." केशरबाई शेवटपर्यंत चार पावलं मागं चालत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "शाळेच्या मैदानात कोणं सांगतलं?"

"म्या."

"आन् म्होरं बसाचं?"

"ते बी म्याच."

मग तिनं विळा आढ्याला खोचला आणि चूल पेटवली. घरात पाऊल ठेवू नका असं काही म्हणाली नाही.

दुपार टळल्यावर सूर्यभानजी आले तेव्हा गाव शाळेच्या मैदानाकडं निघालेलं होतं. गोदाबाईसारख्या पाटलाघरच्या म्हाताऱ्यासुद्धा सतरंजी काखेत मारून निघालेल्या. सूर्यभानजी ओरडले, "अवो, शिनेमा देवळासमोर हाये!" तर गोदाबाई त्यांनाच म्हणाल्या, "मंग दवंडी काहून शाळेची देल्ली?" दवंडी झाली होती, विषय संपला होता. त्यांनी नत्थुजीला घंटा घेऊन पळवलं. नत्थुजीनं मैदानाभोवती घणघण घंटा वाजवली, आणि मैदानात बसलेली पोरं शाळा सुटली म्हणून टाळ्या पिटायला लागली. उठलं कोणी नाही. सरकारी गाडी आली. गाडीवरच्या साहेबाला माणसं जिथं तिथं पडदा लावायचा, एवढंच माहीत होतं. त्यानं शाळेच्या भिंतीलाच पांढरी चादर ठोकली. भिंतीच्या मागं बसायला जागाच नव्हती.

आता उगाच गोड करून सांगणार नाही. सगळे एका सतरंजीवर बसले असं काही झालं नाही. आमच्यात आणि त्यांच्यात दोन हात कोरी माती होती, आणि ती कोणी ओलांडली नाही. पण सगळे पडद्याच्या पुढं होते, आणि आम्ही सगळ्यांत पुढं होतो, कारण आम्ही सगळ्यांच्या आधी गेलो होतो.

आधी बियाण्यांचा एक कंटाळवाणा सिनेमा झाला. मग ती आली. गोल तोंडाची, साधी, आपल्याकडं पाटावर जेवायला बसवावी अशी बाई. तिला तो मोठा टोप घालत होते. मी अक्षरं मोठ्यानं वाचत होते, सरळ अक्षरं, माझ्या सासूसाठी आणि मागं बसलेल्या ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सगळ्यांसाठी. केशरबाईचे डोळे तोंडाकडं नव्हते. ती हातांकडं बघत होती. "कामाचे हात हायेत," ती हळूच म्हणाली. मग आपल्या केसांतून हात फिरवला; जिनाचा कापूस तिच्या केसांतून रविवारीही पूर्ण निघत नसे. मामाजी पडद्याकडं बघतच नव्हते. ते तिच्याकडं बघत होते.

सिनेमा संपला. साहेब चादर उतरवत असताना सूर्यभानजी उठून सगळ्यांसमोर उभे राहिले. त्यांना डाव परत जिंकायचा होता. हसत हसत म्हणाले, "चला, बरं झालं. शेवटी देवमननं दवंडी देल्ली. आता देवमन, उद्या सकाळी पंचायतीच्या पट्टीची बी देऊन टाक. गळा मोकळा झाला त काम सुरू करून टाक बावा."

केशरबाईनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. इतके दिवस तिला ज्याची भीती होती, ते हेच होतं.

मामाजी उठले. "सरपंचजी, त्या दवंडीचं डफडं जळलं. पट्टीची दवंडी मी देत नाई, म्हशीची देत नाई. मी आभाळाची देतो. तुमाले आयकाची असन त आयका, नसन त कानावर हात ठेवा."

"आभाळाची!" सूर्यभानजी गावाकडं वळून म्हणाले, "आयकलं का? उद्या म्हणशीन, माणूस चंद्रावर उतरला."

"उतरन."

"चंद्रावर?"

"चंद्रावर. दोन पायाईनं."

सूर्यभानजी मोठ्यानं हसले. "आन् उतरला त देवमन, मी सोता डफडं वाजवीन! या चावडीसमोर, वट्ट्याखाली उभा राहून!"

गाव पोट धरून हसलं. आमचा पुराही हसला. मामाजी हसले नाहीत. म्हणाले, "साऱ्यांईनं आयकलं ना? बस झालं."

त्यानंतर गावानं मामाजींना कधी पट्टीची दवंडी मागितली नाही. आणि मामाजींनी आभाळाची दवंडी कधी सोडली नाही. आपल्याच देशात, पार खाली केरळात, समुद्रकाठी अग्निबाण सुटायला लागले तेही गावानं त्यांच्याच तोंडून ऐकलं. यंत्र चंद्रावर जाऊन आपटलं, माणूस यानाबाहेर येऊन आभाळात तरंगला, सगळं वट्ट्यावरून, बूट घालून, नाव सांगून. गावातली माणसं वावरात जाताना विचारायची, "काय देवमन, वर काय चालू हाये?" सूर्यभानजींच्या घरात पंचायतीचा रेडिओ होता, तरी गाव तायड्यांना विचारी. रेडिओ कोणाचं नाव घेऊन बोलत नव्हता ना.

अडुसष्टच्या हिवाळ्यात मामाजींच्या छातीत कापूस बसला. जिनातल्या माणसांचं हे ठरलेलंच. खोकला लागला की बाजेवर अख्खा माणूस हलायचा. श्रावणनं ट्रान्झिस्टर आणला होता, तो उशाशी. त्यावर बातमी आली की तीन माणसं चंद्राला फेरी घालून सुखरूप परत आली. त्यांना उठवेना. त्यांनी ती बातमी बाजेवरून सांगितली, आणि आवाज अंगणापर्यंतच गेला. मी रडले. मला त्या आवाजाचा असा शेवट बघवत नव्हता.

"उतरले नाई अजून," ते केशरबाईला म्हणाले. "फेरीच मारली. पण उतरतीन. मी नसन त तू सांगजो."

"मी काहून सांगू?" ती म्हणाली. "ते तुमचं काम हाये. बरे व्हा आन् सांगा."

ते बरे झाले नाहीत. जानेवारीत गेले. त्यांना नेताना गाव आलं होतं, सूर्यभानजीही आले होते, आता काठी टेकत. केशरबाई कोणाशी बोलली नाही. सहा महिने ती चुलीशी आणि वावराशी, बस. ट्रान्झिस्टर लावला की उठून बाहेर जायची.

जुलैची सकाळ होती. निंदण चालू होतं, बाया विळे घेऊन निघायच्या बेतात. मी ट्रान्झिस्टर कानाला लावून दारात उभी होते. बातमी आली आणि मी वळून घरात पाहिलं. केशरबाई डोक्याला फडकं बांधत होती. माझं तोंड बघून थांबली.

"उतरला?"

मी मान डोलावली.

तिनं फडकं सोडलं. कोपऱ्यात मामाजींचे बूट होते, सहा महिने कोणी हलवले नव्हते. तिनं ते पायात घातले. तिला ढिले होत होते. फटक फटक वाजवत ती चावडीकडं निघाली, मी मागं, आणि माझ्या मागं पुऱ्यातल्या सगळ्या बाया. वट्ट्यावर बाई कधी चढली नव्हती. दवंडी बाईनं कधी दिली नव्हती. ती चढली. तिचा आवाज मामाजींसारखा नव्हता. फाटका होता, उंच होता, पण त्या दिवशी तो विहिरीपलीकडं गेला, नाल्यापलीकडं गेला.

"आयका हो, आयका! मी केशरबाई देवमन तायडे सांगून राहिली! माणूस चंद्रावर उतरला! दोन पायाईनं उतरला! देवमन सांगत होता, ते खरं झालं! आन् आता सरपंचजीनं डफडं वाजवाचं हाये! चावडीसमोर, वट्ट्याखाली उभं राहून! हे बी साऱ्यांईनं आयकलं होतं हो!"

दिलेली दवंडी मोडता येत नाही. गाव जमलं. कोणी हसत नव्हतं. बऱ्याच वेळानं सूर्यभानजी काठी टेकत आले आणि वट्ट्याखाली उभे राहिले, नेमके त्या झिजलेल्या खळग्यापाशी. खूप म्हातारे दिसत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली, आणि तरी मी एक पाऊल मागं घेतलं नाही.

"केशरबाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बाई' मी पहिल्यांदा ऐकलं. "शब्द देल्ला होता, नाई म्हणत नाई. पण गावात डफडं कोठी हाये आता?"

केशरबाईनं वट्ट्यावरून खाली त्यांच्याकडं पाहिलं.

"आमच्या चुलीत हाये," ती म्हणाली. "राख पाठवू का?"

मग ती बूट वाजवत उतरली, आणि आम्ही सगळ्या निंदायला गेलो.